कारा समुद्राचा बर्फ आणि ओतूरचा कांदा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात ओतूर येथे केलेले भाषण)



भाषणासाठी विषय कोणता घेणार, असे आपल्या चिटणीससाहेबांनी मला पंधरा दिवसांपूर्वी विचारले. मी म्हणालो, "आर्क्टिक." ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "मास्तर, कुणी आडतीवरून उठून येणार, कुणी गॅरेज बंद करून. त्यांना उत्तर ध्रुवाचा बर्फ काय दाखवता?" त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. पण हा विषय मी बर्फासाठी घेतलेला नाही. कांद्यासाठी घेतला आहे, आणि त्याहून अधिक आपल्या मुलांसाठी.

आधी नकाशा. शाळेतला जगाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. त्यावर ओतूर सापडणार नाही, पण पुण्याच्या थोडे वर बोट ठेवले तरी चालेल. आपण सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७४ अंश पूर्व रेखांशावर आहोत. आता ते बोट कुठेही न वळवता सरळ वर न्या. राजस्थान लागेल, अमृतसर-लाहोरचा मुलूख लागेल, गिलगिटचे डोंगर लागतील, पुढे किरगिझस्तान, कझाकस्तान, मग सैबेरियाचा तो अफाट सपाट प्रदेश. आणि जिथे जमीन संपते तिथे एक समुद्र आहे. त्याचे नाव कारा समुद्र. वर्षातले बहुतेक महिने तो गोठलेला असतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, हे आठवीच्या मुलांना पाठ आहे. त्या हिशेबाने तो समुद्र आपल्यापासून सहा हजार किलोमीटरांहून थोडा अधिक दूर पडतो. मध्ये हिमालय आहे, वाळवंटे आहेत. तरीही तो आपल्या अगदी डोक्यावर आहे. आपल्या घराच्या उत्तरेकडची खिडकी उघडली आणि नजर तेवढी पोहोचू शकली, तर दिसेल तो हाच समुद्र.

आता सप्टेंबर महिन्याकडे या. सप्टेंबरचे आपल्याकडे काय महत्त्व आहे हे मी इथल्या शेतकऱ्यांना सांगणे म्हणजे मामाला आजोळ दाखवण्यासारखे आहे. उन्हाळी कांदा बराखीत पडलेला असतो, भाव वाढेल म्हणून राखून ठेवलेला. शेतात रांगड्या कांद्याची रोपे टाकलेली असतात. अशा वेळी चार दिवस ढग धरून राहिले आणि एका रात्रीत महिन्याचा पाऊस पडला, तर रोपे पिवळी पडून बसतात, आणि बराखीतल्या कांद्याला दमट हवा लागून तो आतून नासू लागतो. पाऊस जूनमध्ये आला नाही तर आपण हळहळतो. पण परतीच्या दिवसांत तो नको तेवढा आला तर हातातोंडाशी आलेला घास जातो. घरात शिकणारी मुले असतील तर त्या वर्षीच्या फीचा प्रश्न तिथेच उभा राहतो. म्हणून म्हणतो, हा विषय भूगोलाच्या पुस्तकापुरता नाही.

२०२१ साली शास्त्रज्ञांच्या एका गटाने या दोन गोष्टींचा संबंध मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. यातले मुख्य शास्त्रज्ञ आपल्या शेजारच्या गोव्यातले, वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातले. त्यांच्या जोडीला नॉर्वेचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी उपग्रहांनी टिपलेली अनेक वर्षांची नोंद तपासली. त्यांना असे दिसले, की ज्या उन्हाळ्यात कारा समुद्रावरचा बर्फ नेहमीपेक्षा कमी असतो, त्या वर्षी आपल्याकडे मध्य भारतात हंगामाच्या शेवटी, विशेषतः सप्टेंबरमध्ये, अतिवृष्टीच्या घटना वाढलेल्या असतात.

हे कसे घडते? बर्फ हा पांढरा. त्याच्यावर पडलेले ऊन बहुतेक परत जाते. बर्फ गेला की खाली समुद्राचे काळसर पाणी उघडे पडते आणि ते ऊन पिऊन घेते. पांढरा सदरा घालून शेतात उभे राहणे आणि काळे कांबळे पांघरून उभे राहणे, एवढा हा फरक आहे. पाणी तापले की वरची हवा तापते. त्या तापलेल्या हवेमुळे वायव्य युरोपावरच्या वाऱ्यांचा डौल बिघडतो. दोरीचे एक टोक हलवले की लाट जशी दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते, तशी वरच्या वातावरणात एक लाट उठते आणि ती आशियाकडे, आपल्या बाजूला येते. त्याच सुमारास अरबी समुद्र तापलेला असेल तर त्याची वाफ भरपूर तयार असते. वरून लाटेने वाट करून दिली, खालून समुद्राने पाणी पुरवले, की पाऊस कोसळतो.

इथे शिक्षक म्हणून मला एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. त्या शास्त्रज्ञांनी आपल्या निबंधाच्या नावातच हा "संभाव्य" संबंध आहे असे म्हटले आहे. यंदा कारा समुद्रात बर्फ कमी, म्हणून यंदा ओतूरला पाऊस फार, असे कुणी सांगू लागला तर विश्वास ठेवू नका. मध्य भारत म्हणजे ओतूर नव्हे, आणि एक वर्ष म्हणजे तीस वर्षे नव्हेत. पण शंका घ्यावी, नोंद करावी, तपासावे आणि जेवढे कळले तेवढेच बोलावे, ही शिस्त त्यात आहे. ती आपल्या मुलांना लागावी असे मला मनापासून वाटते.

दूरच्या बर्फाचा आणि आपल्या पावसाचा संबंध असावा, ही कल्पना तशी जुनी आहे. हवामान खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली हिमालयातल्या बर्फावरून पुढच्या पावसाचा अंदाज बांधता येतो असे मांडले होते. त्या खात्याचे मुख्य कार्यालय पुढे सिमल्याला होते आणि १९२८ साली ते पुण्यात आले. पुण्यात शिवाजीनगरला ज्या चौकाला आपण "सिमला ऑफिस" म्हणतो ते नाव तिथूनच पडले. आपण तिथे बस बदलतो, पण नावाचा विचार करीत नाही. असो.

मुद्दा हा, की उत्तर ध्रुवाचा प्रदेश आता झपाट्याने बदलतो आहे. १९७९ पासून, म्हणजे उपग्रहांची नीट नोंद सुरू झाल्यापासून, तो भाग उरलेल्या जगाच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये तिथल्या समुद्रावरचा बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर एवढाच उरला होता. उपग्रहांच्या नोंदीतला तो नीचांक आहे. बर्फ हटला की बोटींना वाट होते, तेलाला हात लागतो, मासेमारी सरकते. त्यामुळे मोठमोठ्या देशांच्या नजरा तिकडे लागल्या आहेत. तिथले उद्या काय होणार हे ठरवणाऱ्यांत व्यापारी आहेत, लष्करे आहेत, आणि विद्यापीठेही आहेत. मला आज बोलायचे आहे ते या विद्यापीठांबद्दल आणि संशोधन संस्थांबद्दल.

भारतात ध्रुवीय संशोधनाचा पाया घालणाऱ्या माणसाचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे. डॉ. सय्यद झहूर कासिम. अलाहाबादचा मुलगा. शिक्षण अलाहाबादच्या मजीदिया इस्लामिया कॉलेजात आणि पुढे अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठात. प्राणिशास्त्र शिकला, मग वेल्समध्ये बँगर येथे जाऊन समुद्रातल्या जीवांवर १९५६ साली डॉक्टरेट मिळवली. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. १९७४ ते १९८१ ते तिचे संचालक होते. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याच्या मार्मागोवा बंदरातून "पोलर सर्कल" नावाचे नॉर्वेचे भाड्याचे जहाज निघाले. त्यावर २१ जणांची तुकडी होती आणि तिचे प्रमुख डॉ. कासिम होते. ९ जानेवारी १९८२ रोजी भारताची मोहीम पहिल्यांदा अंटार्क्टिकावर उतरली. ७७ दिवसांनी जहाज गोव्याला परत आले.

ध्यानात घ्या, ते दक्षिण ध्रुवाकडे गेले होते. आर्क्टिक हे उत्तरेचे. पण बर्फावर राहून काम कसे करावे, अन्न किती न्यावे, यंत्रे थंडीत बंद पडली तर काय करावे, हे सारे भारत तिथे शिकला आणि तेच पुढे उत्तरेकडे उपयोगी पडले. डॉ. कासिम पुढे सरकारच्या महासागर विकास खात्याचे सचिव झाले आणि १९८९ ते १९९१ या काळात दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू. समुद्र पाहून आलेला माणूस विद्यापीठाच्या खुर्चीवर बसला, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. २०१५ साली ते वारले. आपल्या किती घरांत त्यांचे नाव माहीत आहे? मलाही ते नोकरीला लागल्यावर कळले, हे कबूल करतो.

माता-भगिनींसाठी आणखी एक नाव सांगतो. डॉ. अदिती पंत. मराठी मुलगी, नागपूरला जन्मलेली, पुणे विद्यापीठातून बी.एस्सी. झालेली. तिच्या हातात घरच्या एका स्नेह्याने समुद्रावरचे एक इंग्रजी पुस्तक ठेवले आणि तिने ठरवले, आपण हेच करायचे. परदेशी शिकायला पैसे नव्हते; शिष्यवृत्ती मिळवून ती हवाईला गेली, पुढे लंडनला डॉक्टरेट केली आणि परत येऊन गोव्याच्या त्याच समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत ती आणि जादवपूर विद्यापीठाच्या डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी अंटार्क्टिकाला गेल्या. भारताच्या मोहिमेतून तिथे गेलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया. एक पुस्तक एवढे काम करते. आपल्या शाळेच्या ग्रंथालयाच्या कपाटाला दोन वर्षांपासून कडी नाही, ती कुणी बसवून देईल काय?

आता उत्तरेकडे येतो. नॉर्वेच्याही उत्तरेला स्वालबार्ड नावाची बेटे आहेत. तिथे न्यू-ओलेसुंद नावाचे एक छोटे गाव आहे, जवळजवळ ७९ अंश उत्तरेला. पूर्वी ती कोळशाच्या खाणीची वस्ती होती. १९६२ साली खाणीत स्फोट होऊन २१ कामगार मेले, खाण बंद पडली आणि आता ते गाव सबंध शास्त्रज्ञांचे झाले आहे. निरनिराळ्या देशांची संशोधन केंद्रे एकाला एक लागून आहेत. त्यांत आपले "हिमाद्री" आहे. ऑगस्ट २००७ मध्ये भारताचे पाच शास्त्रज्ञ तिथे पहिल्यांदा गेले, आणि १ जुलै २००८ रोजी हिमाद्रीचे उद्घाटन झाले. २०१४ साली तिथल्या खाडीत सुमारे १९० मीटर खोल पाण्यात आपल्या शास्त्रज्ञांनी यंत्रांची एक साखळी सोडली. ती पाण्याचे तापमान आणि खारेपणा टिपत राहते. वर बर्फ असो की अंधार असो. डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदाच आपली तुकडी तिथे हिवाळ्यात गेली. तिच्यात पुण्याच्या पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचाही माणूस होता.

हिवाळा म्हणजे तिथे चार महिने सूर्य उगवत नाही आणि उन्हाळ्यात चार महिने मावळत नाही. हे वर्गात शिकवले तेव्हा सातवीतला एक मुलगा ताबडतोब उठला: "सर, मग तिथे रोजा सोडायचा कधी?" वर्ग हसला. पण प्रश्न खरा आहे. धर्माच्या बाजूने त्याचे उत्तर आलिमांनी द्यायचे, ते माझे काम नव्हे. भूगोलाच्या बाजूने मात्र त्या एका प्रश्नामुळे पृथ्वीचा कललेला आस त्या वर्गाला जेवढा समजला तेवढा माझ्या फळ्यावरच्या आकृतीने कधी समजला नव्हता.

त्या गावच्या दोन चालीरीती सांगतो, कारण त्या आपल्याला परक्या वाटणार नाहीत. पहिली अशी, की तिथे घरांना कुलूप लावीत नाहीत. पांढरे अस्वल कधीही येते. ते दिसले तर कुणालाही जवळच्या दारातून आत शिरता आले पाहिजे. गावाबाहेर जायचे तर बंदूक चालवण्याचे शिक्षण घेतलेला माणूस बरोबर लागतो. बिबट्याच्या भीतीने मुलांना घोळक्याने शाळेला धाडणाऱ्या जुन्नर तालुक्याला हे सांगायला नको. दुसरी रीत अशी, की तिथे वायफाय आणि ब्लूटूथ चालवू देत नाहीत. तिथल्या रेडिओ दुर्बिणींना त्याचा गोंगाट होतो. आपल्या खोडदला काय आहे? १९९० च्या दशकात प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली मोठी दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. ही जागा त्यांनी निवडली ती अशीच, डोंगरांच्या आडोशाला रेडिओचा गोंगाट कमी म्हणून. २०२३ च्या हिवाळ्यात जी तुकडी स्वालबार्डला गेली तिच्यात बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेचाही शास्त्रज्ञ होता. तिथे रेडिओचा गोंगाट किती आहे हेच मोजणे त्याचे काम. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनाला, आपली मुले बसने खोडदला जातात, तबकड्यांसमोर फोटो काढतात, वडे खाऊन परत येतात. त्यांना कुणी सांगत नाही, की हेच काम करायला माणसे ७९ अंशांवर जातात.

आता थोडे तिथल्या विद्यापीठांविषयी. मला या सगळ्या विषयात सर्वांत भावलेला भाग हाच आहे.

नॉर्वेचा उत्तर भाग म्हणजे त्या देशाचा आडवळणाचा मुलूख. दक्षिणेत शिकलेले डॉक्टर आणि शिक्षक तिकडे यायला तयार नसत. आले तरी बदली मागत. (आपल्या आदिवासी पट्ट्यातल्या आरोग्य केंद्रांची आठवण येते ना?) तेव्हा तिथल्या संसदेने १९६८ साली ठरवले, की उत्तरेतच, ट्रोम्सो गावी, विद्यापीठ काढायचे. १९७२ साली ते सुरू झाले. विचार साधा होता: तिथलीच मुले तिथे शिकली तर तिथेच राहतील. आज ते आर्क्टिक संशोधनातले जगातले एक मोठे विद्यापीठ आहे. म्हणजे मूळ हेतू होता गावाला डॉक्टर आणि शिक्षक मिळावेत हा. संशोधन त्याच्या मागून आले.

दुसरे उदाहरण त्याहून लहान. त्या भागात सामी नावाचा एक समाज आहे. संख्येने अल्प, भाषा वेगळी, धंदा रेनडिअर पाळण्याचा. एके काळी शाळेत त्यांच्या मुलांना आपली भाषा बोलू देत नसत. १९८९ साली कौतोकेनो या गावी त्यांचे उच्च शिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले. तिथे सामी भाषेत शिक्षक तयार होतात, पत्रकार तयार होतात आणि रेनडिअर पालनाचा अभ्यासही होतो. रेनडिअर हिवाळ्यात बर्फ खुराने उकरून खालचे दगडफूल खातात. अलीकडे भर हिवाळ्यात मधेच पाऊस पडतो, आणि तो पडला की लगेच गोठतो. बर्फावर काचेसारखा थर बसतो. जनावराला खालचा चारा फोडता येत नाही आणि कळपच्या कळप उपाशी मरतात. अवकाळी पाऊस, मित्रहो! त्यांच्याकडे चारा जातो, आपल्याकडे कांदा. फरक एवढाच, की त्यांची मुले आपल्या आजोबांना विचारून बर्फाच्या थरांना कोणकोणती नावे आहेत हे लिहून काढतात आणि तेच पुढे शास्त्रज्ञांपुढे मांडतात. आपल्यातले जुने शेतकरी वाऱ्यावरून, मुंग्यांवरून पावसाबद्दल काय काय सांगतात, त्याची आपल्यापैकी कुणी वही केली आहे का?

२००१ साली अशा सगळ्या विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी मिळून "आर्क्टिकचे विद्यापीठ" काढले. त्याला स्वतःचे आवार नाही. सभासद संस्थाच आपले विद्यार्थी आणि शिक्षक एकमेकांकडे पाठवतात. ज्या देशांना उत्तर ध्रुवाचा किनारा नाही त्यांच्याही संस्था त्यात आहेत. भारताला २०१३ साली आर्क्टिक परिषदेत निरीक्षकाची जागा मिळाली, आणि १७ मार्च २०२२ रोजी आपल्या सरकारने आर्क्टिक धोरण जाहीर केले. त्याच्या सहा आधारस्तंभांत पहिला आहे विज्ञान व संशोधन, आणि शेवटचा आहे आपली माणसे तयार करणे. ही "आपली माणसे" कुठून येणार? ती आकाशातून पडणार नाहीत.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि पालकांना वाट सांगतो. मी चाललेलो नाही, पण विचारून विचारून माहिती काढली आहे. अकरावी-बारावीला शास्त्र, त्यात गणित आणि भौतिकशास्त्र सोडायचे नाही. मग बी.एस्सी. पुढे पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात वातावरण व अवकाश विज्ञानाचा विभाग आहे. गोवा विद्यापीठात समुद्राचे शास्त्र शिकवतात. नेटची परीक्षा देऊन संशोधनाची फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. वास्कोच्या केंद्रात काम करणारी मुले गोवा विद्यापीठात डॉक्टरेटसाठी नाव नोंदवतात. पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघाले की सकाळी गोवा. आपली मुले नोकरीसाठी याहून लांब जातात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी २००९ पासून मौलाना आझाद यांच्या नावाची संशोधनवृत्ती होती. ती २०२२ साली सरकारने बंद केली. वाईट झाले, पण त्यामुळे वाट बंद झाली असे कुणी समजू नये.

आणि सगळ्यांनी डॉक्टरेटच करावी असेही नाही. वास्कोचे हेच केंद्र अंटार्क्टिकावरच्या भारताच्या ठाण्यांसाठी वेळोवेळी जाहिरात देते. तिच्यात डिझेल मेकॅनिक असतात, जनरेटर चालवणारे, वेल्डर, प्लंबर, सुतार, इलेक्ट्रिशियन, क्रेन चालवणारे, आचारी, नर्स. आय.टी.आय. केलेला, चार वर्षे गॅरेजात हात काळे केलेला आपला मुलगा तिथे अर्ज करू शकतो. उणे तीस अंशांत बंद पडलेले इंजिन सुरू करणारा माणूस नसेल तर शास्त्रज्ञ थर्मामीटर घेऊन काय करणार? गॅरेजवाल्या पालकांनी मान खाली घालून बसू नये.

आता शेवटी एक गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही याचा मी बराच विचार केला.

काही वर्षांपूर्वी मी नववीच्या वर्गात सांगत होतो, की उत्तर ध्रुवाजवळचा समुद्रावरचा बर्फ वितळला तर समुद्र वाढेल आणि मुंबई बुडेल. दुसऱ्या दिवशी एक मुलगी काचेचा पेला घेऊन आली. त्यात पाणी, पाण्यात बर्फाचा खडा, आणि पाण्याच्या पातळीवर पेनाने काढलेली खूण. ती म्हणाली, "सर, तास संपेपर्यंत बघा." तास संपला, खडा विरघळला, पाणी खुणेवरच होते. तरंगणारा बर्फ आधीच आपल्या वजनाएवढे पाणी सारून बसलेला असतो. तो वितळल्याने पातळी वाढत नाही. वाढते ती जमिनीवरचा बर्फ, ग्रीनलंडसारखा, वाहून समुद्रात आला म्हणजे. मी चूक शिकवले होते. नववीच्या मुलीने एका पेल्याने ते सिद्ध केले.

दहावीला तिला चांगले गुण पडले. तिचे वडील सल्ला विचारायला माझ्या घरी आले. त्यांना मनातून शास्त्राला घालायचे होते, पण भीती होती. प्रॅक्टिकल आटोपेपर्यंत संध्याकाळ होते, वाडीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, बिबट्याचा वावर, शिवाय क्लासची फी. मी चहा दिला आणि म्हणालो, "आर्ट्सला घाला. मीही बी.ए.च आहे, माझे काय अडले?" ते सुटकेचा श्वास टाकून गेले. मुलीने आर्ट्स घेतले. ती हुशार होती, पास होत गेली, आज आपल्या संसारात आहे. तिची तक्रार नाही. माझी माझ्याविषयी आहे. ज्या मुलीने माझी चूक पेल्यात दाखवली तिला मी तिचा रस्ता दाखवू शकलो नाही. कारण मला स्वतःला तो रस्ता माहीत नव्हता, आणि माहीत नाही म्हणण्याऐवजी मी सल्ला दिला.

त्यानंतर मी ही सगळी माहिती जमवू लागलो. यंदा आपल्या दहावीच्या वर्गात पाच मुली आणि तीन मुले शास्त्राचे नाव काढतात. त्यांतल्या तिघी वाड्यांवरच्या आहेत. प्रॅक्टिकलच्या दिवशी त्यांना संध्याकाळी घरापर्यंत पोहोचवायला एखादी जीप किंवा रिक्षा लागेल, आठवड्यातून दोन दिवस. त्याचा खर्च संस्थेने अर्धा आणि पालकांनी अर्धा करावा, असा अर्ज मी आज अध्यक्षसाहेबांकडे दिला आहे. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी कार्यक्रम झाल्यावर मला भेटावे. मी नकाशाजवळच उभा आहे. कारा समुद्रावर लाल खूण केलेली आहे.